आत किती गेले, बाहेर किती आले

टोल्युइनचे रेणुवस्तुमान ९२, प्रॉपिलीनचे ४२. दोन्हींच्या संयोगातून होणाऱ्या आयसोब्युटिल बेंझीनचे १३४. ही बेरीज चौथीतले मूलही तोंडी करील. महाडच्या औद्योगिक वसाहतीत विनती ऑरगॅनिक्सच्या कारखान्यात गेली तीसेक वर्षे ती टनांच्या हिशेबात चालू आहे, आणि या एका पदार्थाच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत या कारखान्याची गणना होते. आयसोब्युटिल बेंझीनपासून पुढे आयब्युप्रोफेन बनते. ताप, अंगदुखी, दाढदुखी यांवर आपण जी गोळी घेतो तिच्यातले औषध ते हेच. त्याचे रेणुवस्तुमान २०६.

आता एक साधा प्रश्न. चारशे मिलिग्रॅमच्या एका गोळीसाठी आयसोब्युटिल बेंझीन किती लागेल? एका रेणूपासून एकच रेणू होतो. म्हणजे २०६ ग्रॅम औषधामागे १३४ ग्रॅम कच्चा माल, आणि ४०० मिलिग्रॅममागे २६०. हे झाले कमीत कमी. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागते, कारण कुठल्याही कारखान्यात सगळाच्या सगळा माल पदरात पडत नाही. उलट बाजूने मांडले तर एक किलो आयसोब्युटिल बेंझीनमधून फार तर १५३७ ग्रॅम औषध, म्हणजे ३८०० हून थोड्या जास्त गोळ्या. त्रैराशिकाच्या पलीकडचे गणित यात कुठेही नाही.

मग नववीतले ‘द्रव्याचे मोजमाप’ हे प्रकरण आले की वर्ग गप्प का होतो? बिरवाडी, नाते, वरंध, कापडे, पोलादपूर अशा गावांतल्या शाळांत ज्या मुलांच्या घरातले कुणी ना कुणी फर्स्ट, सेकंड किंवा नाइट शिफ्टला ‘एमायडीसीत’ जाते, त्या मुलांनाही मोल म्हणजे परीक्षेपुरते पाठ करायचे काहीतरी वाटते. वडील रात्री रिॲक्टर चार्ज करून येतात, मुलगी सकाळी अव्होगॅड्रो अंक घोकते, आणि दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही ठाऊक नसते. हे पुस्तक त्या दोघांमधल्या अंतरासाठी लिहिले आहे. त्यातली उदाहरणे सावित्री नदीच्या याच खोऱ्यातली आहेत. नागोठणे, तळोजा, लोटे ही नावेही येतात, पण बेत महाडचा आहे.

अडचण आकडेमोडीची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुले अडखळतात ती एकाच जागी. समीकरणातले आकडे रेणूंची संख्या सांगतात आणि तराजू सांगतो वस्तुमान. या दोन बोली आहेत, हे त्यांना कुणी ठासून सांगितलेले नसते. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडिअम कार्बोनेट, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची अभिक्रिया घ्या. सोड्याचा एक, आम्लाचे दोन. विद्यार्थी चटकन लिहितो : एक किलो सोड्याला दोन किलो आम्ल. तराजू वेगळेच सांगतो. सोड्याचा एक मोल १०६ ग्रॅमचा, आम्लाचे दोन मोल मिळून ७३ ग्रॅमचे. ज्याच्यामागे ‘दोन’ लिहिले आहे तेच वजनाला कमी भरते. हे एकदा डोक्यात बसले की अर्धे प्रकरण संपले. उरलेले अर्धे म्हणजे याचीच रूपे.

मोलची ओळख करून देताना बहुतेक पुस्तके डझनाचे उदाहरण देतात. डझन म्हणजे बारा, मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. उदाहरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण डझनभर केळी आपण मोजून घेतो आणि मोल कुणी कधी मोजत नाही. जवळचे उदाहरण हवे तर हार्डवेअरच्या दुकानात जावे. तिथे खिळे किलोवर मिळतात. एका खिळ्याचे वजन माहीत असेल तर किलोत किती खिळे आले हे न मोजता सांगता येते, आणि दोन वेगळ्या मापांचे खिळे सारख्याच संख्येने हवे असतील तर ते वेगवेगळ्या वजनांनी तोलून घ्यावे लागतात. मोल एवढ्याचसाठी आहे. तोलायचे आणि त्यातून संख्या काढायची. १८ ग्रॅम पाणी, ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा, २०६ ग्रॅम आयब्युप्रोफेन : वजने निरनिराळी, कणांची संख्या एकच.

ज्या मुलाला हे पहिल्या वाचनात कळत नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. जगातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ते कळायला पन्नास वर्षे लागली. डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अणूंची सापेक्ष वजने मांडली, पण पाण्याच्या रेणूत त्याने हायड्रोजनचा एकच अणू धरला होता, त्यामुळे ऑक्सिजनचे वजन निम्म्याच्या आसपास आले. इटलीतल्या अमेदेओ अव्होगॅड्रोने १८११ मध्ये सांगितले की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ याच गोंधळाचा निकाल लावायला जमले. तिथेही लगेच एकमत झाले नाही, पण अव्होगॅड्रोचाच देशबांधव कानिझारो याची पुस्तिका वाटली गेली, आणि ती वाचून पुढच्या काही वर्षांत एकेकाचे डोळे उघडले. अव्होगॅड्रो त्याआधीच, १८५६ मध्ये, वारला होता. ज्या अंकाला आज त्याचे नाव आहे तो त्याने कधी काढलाही नव्हता. ते नाव फ्रान्सच्या झाँ पेरँने विसाव्या शतकात दिले. २० मे २०१९ पासून हा अंक मोजायचा राहिलेला नाही, तो ठरवून दिलेला आहे : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, ना कमी ना जास्त. इतिहास एवढा पुरे. पुस्तकात तो याहूनही कमी आहे, आणि ते मला योग्य वाटते.

आता कारखान्याच्या आत जाऊ. तिथे प्रत्येक बॅचला एक शीट असते. कोणता माल किती किलो चार्ज केला, किती वाजता, तापमान किती होते, शेवटी किती माल निघाला, यील्ड किती आले. शाळेतल्या उदाहरणाच्या खाली उत्तर असते तसे या शीटच्या तळाशी यील्ड असते. फरक इतकाच की ते कमी आले तर गुण जात नाहीत, शिफ्टच्या केमिस्टला केबिनमध्ये बोलावणे येते. यील्ड काढायला आधी ‘यायला किती हवे होते’ हे ठाऊक असावे लागते, आणि ते फक्त मोलच्या हिशेबातूनच कळते. ऑपरेटर हा हिशेब करत नाही, पण त्याच्या हातातल्या शीटवरचा प्रत्येक किलो त्या हिशेबातूनच आलेला असतो.

पाठ्यपुस्तकातला मर्यादित अभिकारक हा भाग मुलांना कोड्यासारखा वाटतो : दोन पदार्थ दिले आहेत, आधी कोणता संपेल ते ओळखा. प्लॅन्टवर हे कोडे नसते, निर्णय असतो. दोघांपैकी जो महाग, किंवा जो मालात उरला तर पुढे काढताना त्रास देईल, तो संपला पाहिजे. म्हणून दुसरा मुद्दाम जास्त घालतात. ‘याचा एक मोल, त्याचा सव्वा’ असे बोलणे तिथे रोज कानावर पडते. वरचा पाव मोल वाया गेला असे नाही. तो महाग माल पुरता वापरला जावा म्हणून मोजलेली ती किंमत असते, आणि शक्य असेल तिथे तो ऊर्ध्वपातनाने परतही मिळवतात. पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात अशा उदाहरणांना भावही दिले आहेत. शाळेच्या पुस्तकात रुपये आलेले पाहून काही शिक्षक नाक मुरडतील. मुरडू द्यावे.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. वर्गातले आम्ल शंभर टक्के असते. टँकरमधून येते ते नसते. कॉस्टिक लाय साधारण ४८ टक्क्यांची येते, आणि ती पाण्याहून जड, लिटरला सुमारे दीड किलो भरते. म्हणजे एका लिटरमध्ये ७२० ग्रॅम कॉस्टिक, अर्थात १८ मोल. बाजारातले ३० टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरला सुमारे १.१५ किलो भरते; त्यात आम्ल ३४५ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ मोलपेक्षा जरा कमी. समीकरण सांगते एकाला एक. कार्बॉयच्या भाषेत मात्र एक लिटर लायला जवळजवळ एक लिटर नऊशे मिली आम्ल लागते. वस्तुमान, घनता, टक्केवारी आणि मोल या चार पायऱ्यांतली एकही गाळली तर पीएच भलतीकडेच जाऊन बसतो. नववी-दहावीच्या पुस्तकांत या पायऱ्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात. इथे त्या एकाच उदाहरणात एकापाठोपाठ चढायला लावल्या आहेत, आणि माझ्या मते या पुस्तकाचे हे सर्वांत मोठे काम आहे.

पण यील्डवर थांबलो तर निम्मी गोष्टच सांगितल्यासारखे होईल. शंभर टक्के यील्ड आले तरीही कचरा होतोच, आणि तो किती हेही आधी कागदावर काढता येते. आयब्युप्रोफेनकडेच पुन्हा वळू. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध शोधले. त्यांची जुनी पद्धत सहा टप्प्यांची होती. त्या सहा टप्प्यांत जे जे घालावे लागे त्याची मोलच्या प्रमाणात बेरीज केली तर ती सुमारे ५१४ भरते, आणि हाती येणारे औषध २०६. म्हणजे चाळीस टक्के. बाकीचे तीनशेहून अधिक ग्रॅम, एकही थेंब न सांडता, कुठल्या ना कुठल्या रूपात बाजूला पडणारच. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत टेक्सासमध्ये तीन टप्प्यांची पद्धत सुरू झाली. तिचा हिशेब नववीच्या विद्यार्थ्याने स्वतः करावा : आयसोब्युटिल बेंझीन १३४, ॲसेटिक ॲनहायड्राइड १०२, हायड्रोजन २, कार्बन मोनॉक्साइड २८. बेरीज २६६. औषध २०६. सत्त्याहत्तर टक्के. आणि उरलेले ६० म्हणजे नेमका ॲसेटिक आम्लाचा एक मोल, जो वेगळा काढून वापरता येतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये या विचाराला अणुकाटकसर अशा अर्थाचे नाव दिले. त्यामागचे गणित मात्र बेरीज आणि भागाकार एवढेच आहे. या उदाहरणाला दोन पाने दिली आहेत. मी चार दिली असती.

कचरा नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम लाव्हाझिएच्या नावाने पाठ करताना हे ध्यानात येत नाही. वापरून झालेले गंधकाम्ल चुन्याने मारतात. ९८ किलो आम्ल, ७४ किलो विरलेला चुना. बाहेर पडते ते १७२ किलो ओले जिप्सम. ९८ आणि ७४ मिळून १७२. आम्ल गेले, दाहकता गेली, पण एक किलोही कमी झाला नाही, उलट आधी होते त्याच्या पावणेदोन पट वजन आता हलवायचे आहे. महाडहून तळोजाच्या घातक कचरा प्रकल्पाकडे गाळ भरलेल्या गाड्या जातात त्यांच्या मागे हा असा हिशेब असतो. ‘ट्रीटमेंट केली’ या वाक्याचा अर्थ किलोंमध्ये काय होतो, ते विचारायची सवय मुलांना इथे लागावी.

तसे विचारायची सोयही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना फाटकाबाहेर फलक लावावा लागतो. आत कोणती रसायने किती साठवली आहेत, सांडपाणी किती, घातक कचरा किती, हे सगळे त्यावर लिहायचे असते. वसाहतीतल्या रस्त्यांवरून जाताना हे फलक दिसतात. रोज शेकडो माणसे त्यांच्यासमोरून जातात आणि वाचत कुणी नाही. टन, घनमीटर, मिलिग्रॅम प्रतिलिटर : या एककांच्या जंगलात शिरायचे कुणी? पुस्तकाचे सहावे प्रकरण म्हणजे हा फलक वाचण्याचे शिक्षण आहे. त्यातला फलक कल्पित कारखान्याचा आहे, हेही बरे झाले. मुले गणित शिकतील, भांडण नव्हे. भांडायचे असेल तर मोठेपणी, आकडे घेऊन.

फलकावरचा एक आकडा सीओडीचा असतो. पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याचे पुरते ऑक्सिडीकरण करायला लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, तो हा आकडा. सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा २५०. किती म्हणजे २५०? ॲसेटिक आम्लाच्या ६० ग्रॅमना जळायला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे एका ग्रॅमला सुमारे १.०७ ग्रॅम. ५ टक्क्यांचा व्हिनेगर चहाच्या चमच्याने एक चमचा, ५ मिली, लिटरभर पाण्यात टाकला, तर त्यात पाव ग्रॅम आम्ल गेले आणि त्या पाण्याचा सीओडी झाला सुमारे २६७. मर्यादा ओलांडली. यातून दोन गोष्टी एकदम कळतात. मर्यादा वाटते त्याहून कडक आहे. आणि सीओडी म्हणजे विषाचे माप नव्हे. व्हिनेगरचे पाणी प्यायल्याने कुणी मरत नाही, तर पाऱ्याचा क्षार मिसळलेले पाणी ही परीक्षा सुखाने उत्तीर्ण होईल. आकडा जे मोजतो तेवढेच सांगतो. एवढी समज वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनाही असती तर सावित्रीबद्दलच्या निम्म्या बातम्या वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात नदी इतकी फुगते की तिच्यात काहीही गेले तरी ‘पातळ’ होऊन जाईल असे वाटते, आणि इथे अनेक जण तसे बोलतातही. पुस्तक याला एका ओळीत उत्तर देते. दिवसाला १०० घनमीटर पाणी, लिटरला २५० मिलिग्रॅम : दिवसाचा भार २५ किलो. त्यात आणखी १०० घनमीटर स्वच्छ पाणी मिसळले. आता तीव्रता १२५, कागदावर फारच छान. भार? २५ किलोच. तीव्रता आणि राशी यांतला हा फरक ज्याला कळला त्याला पातळ करून फसवता येणार नाही.

महाडमध्ये पाण्याबद्दल लिहिताना चवदार तळे टाळून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले, आणि नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळ्याची शुद्धी केली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी तळ्याचा सीओडी वाढला. प्रयोगशाळेतली शुद्धता कुणाच्या जातीवर किंवा अधिकारावर अवलंबून नसते. ब्युरेट ज्याच्या हाती जाईल त्याला तीच मिळते, आणि मिळाली नाही तर पुन्हा करून पाहता येते. हा विषय पुस्तकात नाही, प्रस्तावना लिहिणाऱ्याला तेवढी मुभा असावी.

वायूंचा भाग थोडक्यात उरकला आहे, पण त्यातले एक उदाहरण प्रत्येक घरात मोठ्याने वाचले जावे. पाठ्यपुस्तकातले मोलमागे २२.४ लिटर हे शून्य अंश सेल्सिअसचे माप. महाडात शून्य अंश कुणी पाहिलेले नाहीत; एप्रिलच्या दुपारी, ३५ अंशांना, तोच मोल सव्वापंचवीस लिटर जागा घेतो. हिशेबाला पंचवीस धरू. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन; सोपे जावे म्हणून सगळा ब्युटेन मानू, मोलला ५८ ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २४५ मोल, बाहेर पडले तर सहा घनमीटर वायू. हवेत हा वायू दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीने भडकतो. दहा फूट बाय आठ फूट, दहा फूट उंचीचे स्वयंपाकघर म्हणजे साडेबावीस घनमीटर. त्याचे दोन टक्के ४५० लिटर, १८ मोल, जेमतेम एक किलो. सिलिंडरचा चौदावा भाग. शिवाय ब्युटेन हवेच्या सुमारे दुप्पट जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत साचतो, त्यामुळे तळाशी त्याहूनही कमी पुरतो. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, हे आई सांगते. का, ते अठरा मोल सांगतात.

उष्णतेचा हिशेबही मोलमागेच असतो. मघाच्या कॉस्टिक लायचा एक लिटर आम्लाने मारताना, मोलला ५७ किलोज्यूलप्रमाणे, १८ मोलमागे हजारावर किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात दहा लिटर पाणी चोवीस-पंचवीस अंशांनी तापते. परीक्षानळीत हे हाताला जरा कोमट लागते इतकेच. भांडे प्रत्येक बाजूने दहापट मोठे केले की आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. उष्णता तयार होते मालाच्या प्रमाणात, बाहेर जाते पृष्ठभागाच्या प्रमाणात. प्रयोगशाळेत शहाण्यासारखी वागणारी अभिक्रिया मोठ्या रिॲक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते ती यामुळे, आणि म्हणूनच माल एकदम न ओतता थेंबाथेंबाने, थंड पाणी खेळवत घालतात. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या वसाहतीत एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगारांचा जीव गेला. त्या घटनेची कारणमीमांसा करणे हे शालेय पुस्तकाचे काम नाही, आणि या पुस्तकाने ती केलेलीही नाही. पण ज्या गावातून दर वर्षी मुले थेट हेल्पर म्हणून प्लॅन्टवर जातात तिथे ‘व्हॉल्व्ह हळू का उघडायचा’ याचे उत्तर त्यांना शाळेत मिळायला हवे. सुपरवायझर सांगतो म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही.

आता थोडे वापरणाऱ्यांसाठी. अणुवस्तुमाने पूर्णांकात घेतली आहेत : हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडिअम २३. क्लोरीनचे मात्र ३५.५, कारण निसर्गात ३५ आणि ३७ वस्तुमानाचे त्याचे अणू साधारण तिनास एक असे मिसळलेले असतात आणि सरासरी ती येते. नेमके आकडे मागे तक्त्यात आहेत. ते घेऊन उदाहरण केले तर उत्तर दशांशात किंचित हलेल, त्याने घाबरू नये. प्रत्येक पायरीवर एकक लिहायचा आग्रह धरला आहे. त्याने पाने वाढली आहेत, पण ग्रॅमला मोलने भागायचे की गुणायचे हा प्रश्न एकक लिहिणाऱ्याला पडत नाही. ‘सूत्रांचा त्रिकोण’ नावाचा जो प्रकार क्लासमध्ये चालतो तो इथे मुद्दाम वगळला आहे. त्रिकोण झाकून उत्तर काढणाऱ्या मुलाला, टक्केवारी मध्ये आली की काय झाकायचे हे सुचत नाही.

शिक्षकांना एक विनंती. तराजू वर्गात आणा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ आणि ३४२ ग्रॅम साखर शेजारी शेजारी ठेवा. पाणी जेमतेम चार चमचे, साखरेचा चांगला ढीग, आणि तिन्ही एकेक मोल. हे पाहिल्यावर मुले जे प्रश्न विचारतात ते कुठल्याही स्वाध्यायात नसतात.

हे पुस्तक जिथे थांबते ती जागाही सांगायला हवी, कारण तिथे पोहोचलेला विद्यार्थी आपले काहीतरी चुकले असे समजण्याची शक्यता आहे. शेवटचे उदाहरण इथाइल ॲसिटेटचे आहे. शाई, रंग, वेष्टने यांच्या धंद्यात लागणारे हे द्रावक महाडला लक्ष्मी ऑरगॅनिक बनवते. ॲसेटिक आम्ल ६०, इथेनॉल ४६. होतात इथाइल ॲसिटेट ८८ आणि पाणी १८. दोन्ही बाजू १०६, हिशेब चोख. पण ६० ग्रॅम आम्ल आणि ४६ ग्रॅम इथेनॉल फ्लास्कमध्ये घालून, थोडे गंधकाम्ल टाकून, कितीही दिवस ठेवले तरी ८८ ग्रॅम मिळत नाहीत. दोन तृतीयांश, म्हणजे ५८.७ ग्रॅमच्या आसपास, अभिक्रिया थांबल्यासारखी होते. तराजूत काही दोष नाही, मालही शुद्ध आहे. तयार झालेले पाणी आणि एस्टर मिळून उलट दिशेने तितक्याच वेगाने पुन्हा आम्ल आणि इथेनॉल बनवू लागलेले असतात. कारखान्यात तयार होणारा माल सतत उकळवून बाहेर काढत राहतात, म्हणून तिथली अभिक्रिया पुढे सरकते. दोन तृतीयांशच का, तीन चतुर्थांश का नाही, हे मोलच्या हिशेबाने सांगता येत नाही. त्यासाठी समतोल शिकावा लागतो, आणि तो अकरावीत आहे.